समुद्राकडच्या खोलीत मुख्तार

मुख्तार आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीवाला होता. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, हिशेब विभागात. बी.कॉम. होऊन मी मुंबईतून बहारीनला आलो, तेव्हा तो आधीच तिथे होता. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस. उंच, किंचित वाकलेला, उजव्या मनगटावर जुन्या भाजल्याचा चट्टा. लाँड्री तळघरात होती. तिथली गरमी एवढी, की बाहेर जुलैचं ऊन असलं तरी कामगार जेवणाच्या सुट्टीत उन्हात येऊन उभे राहत आणि बरं वाटतंय म्हणत.

हॉटेल मोठं होतं. समुद्राला लागून, स्वतःचा किनारा, दोन पोहण्याचे तलाव, पाम वृक्षांची रांग. गुरुवार-शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, समुद्रावरच्या पुलावरून सौदी कुटुंबं येत आणि एक खोली शिल्लक राहत नसे. त्या दोन दिवसांत मुख्तार सौदी पाहुण्यांचे पांढरे झगे इस्त्री करी. कॉलर कडक आणि बाकीचं कापड मऊ, असं ते लागतं. मशीनवर ते जमत नसे म्हणून हे काम त्याच्याकडे असे. त्याला एकदा रूम सर्व्हिसमध्ये जायला सांगितलं होतं. तिथे बक्षिशी चांगली मिळते. त्याने नाही म्हटलं, कारण ट्रेमध्ये दारूच्या बाटल्याही न्याव्या लागतात. ही गोष्ट त्याने कुणाला मोठेपणाने सांगितली नाही. मला ठाऊक झाली ती बदलीच्या कागदांमुळे.

शहाण्णव साली त्याला वर्षातला उत्तम कामगार म्हणून निवडलं. बक्षीस होतं हॉटेलात पत्नीसह दोन रात्रींचा मुक्काम, समुद्राकडच्या खोलीत. अर्थात शनिवार-रविवार, कारण तेव्हा खोल्या रिकाम्या असत. योग असा, की त्याची बायको मसूदा त्याच सुमारास व्हिजिट व्हिसावर आली होती. मुख्तार जिदहफ्सला चौघांबरोबर एका खोलीत राही, म्हणून तिला झिंजला एका नातेवाइकाकडे ठेवलं होतं. नवराबायको एकाच बेटावर आणि भेट संध्याकाळी पार्किंगमध्ये, अशी त्यांची परिस्थिती.

मसूदा नुसती फिरायला आली नव्हती. थोरली मुलगी अस्मा हिची सोयरीक जुळत होती. मुलगा अर्सलान, बहारीनमध्येच अस्कर गावाच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात लागलेला. त्याचा बाप उबेद त्याच कारखान्यात फोरमन. घर खाडीच्या पलीकडच्या गावचं. मुलामुलीची पसंती गावीच झाली होती. उरलं होतं थोरल्यांचं बोलणं. उबेदला फॅमिली क्वार्टर असल्यामुळे त्याची बायको बानू बहारीनमध्येच होती. म्हणून बोलणं इथेच उरकायचं ठरलं.

त्यांच्याकडे एक रीत आहे. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाकडे यायचं. मन पक्कं झालेलं नसेल तर तिथे पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मुलाच्या आईने किंवा बापाने काही तोंडात घातलं, की शब्द दिला. म्हणजे मुलीच्या बापाकडे बसवायला घर हवं. मुख्तारकडे होती दुमजली खाटेची खालची बाजू.

"साहेब," तो मला म्हणाला, "त्या खोलीत आपला पाहुणा येऊ शकतो का?"

"येऊ शकतो. तू तेव्हा गेस्ट असणार."

"मग त्यांना तिथंच बोलावतो. असं घर मला पुन्हा कधी मिळायचंय?"

त्यात त्याला आनंद होता. काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही.

पण उबेद ज्या हॉटेलात दारू मिळते त्याच्या दारातही पाय ठेवत नसे. त्यातून आमच्या हॉटेलाबद्दल त्याच्या कानावर आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे वर्षातून एकदा इंग्रज मंडळींचा एक क्लब मदतनिधीसाठी 'कॅसिनो नाइट' करी. खोट्या नोटा, हिरव्या कापडाची टेबलं, जिंकणाऱ्याला टोस्टर किंवा भिंतीवरचं घड्याळ. ती हिरवी कापडं इस्त्रीला मुख्तारकडे येत. मागच्या सुट्टीत गावी मशिदीच्या ओट्यावर बसून त्यानेच गंमत म्हणून सांगितलं होतं, की आमच्या हॉटेलात कॅसिनो लागतो आणि त्याची चादर मी इस्त्री करतो. खाडी ओलांडून ती गोष्ट पलीकडे पोचली तेव्हा मुख्तार कॅसिनोतला माणूस झाला होता.

शनिवारी दुपारी तो मसूदाला घेऊन पुढच्या दाराने आला. इतक्या वर्षांत त्या दाराने तो प्रथमच येत होता. दारावर आमचा गुंडू होता, बेळगावकडचा, सामान उचलणारा.

"या मुख्तारशेठ. सामान द्या."

"सोड रे, पिशवी आहे ती."

"गेस्टने पिशवी उचलायची नाही. माझी नोकरी घालवणार काय? भाभी, ह्यांना सांगा, आज गप्प बसायचं."

मसूदाने डबा छातीशी धरला होता. तो मात्र तिने दिला नाही. त्यात गावाहून आणलेल्या सांजोऱ्या होत्या.

खोलीत मुख्तारने पहिल्यांदा पलंगाची चादर उचलून पाहिली आणि कोपऱ्याची घडी तपासली. मसूदा म्हणाली, "तुमी इस्त्री केलेली हाय?"

"मशीनची आहे. माझी असती तर इथं चुणी पडली नसती."

मसूदाने बाथरूम बघितलं, टब बघितला, दोनदा नळ सोडून बंद केला. मग सोबत आणलेले मळके कपडे धुवायला घेतले आणि समुद्राकडच्या कठड्यावर वाळत घातले. नवऱ्याची बनियन, तिची ओढणी, दोन टॉवेल. अर्ध्या तासात फ्रंट ऑफिसचा फोन आला. खालून तलावावरचे पाहुणे बघत होते म्हणे. मुख्तारने ओले कपडे आत घेतले आणि फोनवर तीनदा सॉरी म्हटलं.

"इतका वारा फुकट चाललाय," मसूदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पलंग स्वतः आवरला, बाथरूम पुसलं, टॉवेल घडी करून ठेवले. सफाईला आलेली फिलिपिनो बाई दारातून खोली बघून त्याच्यावर रागावली. तिला वाटलं, आपली कोणी तक्रार केली.

रविवारी चार वाजता उबेद आणि बानू येणार होते. मुख्तारने मला विनंती केली होती, की त्यांना तुम्ही आणा, तुम्ही गेलात तर त्यांचा मान राहील. मी गाडी घेऊन गेलो. उबेद पुढे माझ्याशेजारी बसला. पांढरी दाढी, स्वच्छ पठाणी, हातात तसबीहची माळ. हॉटेलचं पुढचं दार दिसलं तसा तो म्हणाला, "इथं नको. मागचं काही दार असेल तिथं थांबवा."

मी गाडी मागे, कामगारांच्या फाटकाशी नेली. तिथे मळक्या कपड्यांची बोचकी रचलेली होती आणि अहमद नावाचा बहारीनी पहारेकरी खुर्चीवर बसला होता. बानू उतरली आणि म्हणाली, "मी वर जाऊन मसूदाला भेटतंय. तुमी पण या."

"तू जा. मी इथं बरा हाय."

ती गेली. गुंडूने तिला कामगारांच्या लिफ्टने वर नेलं.

उबेद फाटकाच्या बाहेर उभा राहिला. मला राहवेना. मी म्हणालो, "उबेदभाई, मुख्तारने रूम सर्व्हिसची जागा नाकारली, तुम्हाला माहीत नसेल. बाटल्या न्याव्या लागतात म्हणून. तो लाँड्रीतच..."

"साहेब, छप्पर एकच ना?" तो शांतपणे म्हणाला. "बाटलीवाला वर, धोबी खाली. पगार एका हातानं येतो."

पगाराचे चेक कुठल्या खात्यातून निघतात ते मी रोज पाहत होतो.

तेवढ्यात मुख्तार खाली आला. चांगला शर्ट घातला होता. दोघांनी सलाम केला, गळाभेट घेतली. मग दोघेही फाटकाच्या दोन बाजूंना उभे राहिले, मुख्तार आत, उबेद बाहेर.

"वर या ना. बायका बोलतात, आपण पण बोलू."

"इथंच बोलू. मुख्तारभाई, पोरगी चांगली हाय, घर चांगलं हाय. मना फक्त एक सांगायचंय. निकाहच्या आधी ही नोकरी सोडा. कारखान्यात शब्द टाकतो. इंशाल्ला काही ना काही मिळेल."

"काय मिळेल?"

"आधी हेल्पर म्हणून लागाल."

अहमदला आमची भाषा कळत नव्हती, पण काही गंभीर चाललंय एवढं कळून त्याने रेडिओ बारीक केला.

"उबेदभाई, या वयात मी भट्टीपुढं हेल्पर म्हणून उभा राहू? ते पण सोडा. उद्या राहीन. पण मी ही नोकरी सोडली म्हणजे काय, तर आजवर अस्माला मी हराम खायला घातलं, असं मी स्वतःच कबूल केलं. ते मी करणार नाय. लोकांचे कपडे धुतले, इस्त्री केली, त्याचा पगार घेतला. पोरगी त्याच्यावर वाढली. तुम्हाला तशी पोरगी घरात नको असेल तर आत्ताच खलास म्हणा. मी वर जाऊन मसूदाला सांगतो."

त्याचा आवाज चढला नव्हता. पण बोलून झाल्यावर त्याने फाटकाची दांडी धरली, आणि मला वाटलं, आता हे जुळत नाही. अस्मा गावी फोनची वाट बघत असणार हे त्याच्या मनात असेलच. माझ्याही मनात होतं.

उबेदने तसबीह खिशात टाकली. "तुमी रागावलाव."

"नाय. विचारलंत म्हणून सांगितलं."

कामगारांची लिफ्ट खाली आली, आणि बानू व मसूदा बोलत बोलत बाहेर आल्या. बानूच्या हातात रुमालात बांधलेलं काही होतं.

"काय मग," बानू नवऱ्याला म्हणाली, "झालं का नाय तुमचं?"

"बोलतोय."

"बोला. मी चाय प्यायले. दोन सांजोऱ्या खाल्ल्या. ही तिसरी अर्सलानला नेतंय."

उबेद तिच्याकडे वळला. "मना न इचारता?"

"इचारायला तुमी होता कुठं? तुमी खाली मोरीच्या वासात उभे. वर येऊन बघा, टब केवढा हाय. आपली गाय मावेल."

मसूदा ओढणीआड हसली, पण मुख्तार हसला नाही. तो उबेदकडे बघत होता. आईने तोंडात घातलं होतं, म्हणजे शब्द गेला होता. पण बापाने नाही म्हटलं असतं तर तो मोडताही आला असता. अशी मोडलेली सोयरीक खाडीच्या दोन्ही काठांवरचे लोक वर्षानुवर्षं आठवतात, आणि ती मुलीच्या नावाने आठवतात.

उबेदने मसूदाला विचारलं, "भाभी, चाय कुठली होती?"

"घरची पूड. साखर झिंजहून आणलेली. दुधाची पावडर पण माझीच. पेले पण माझे, स्टीलचे. इथल्या भांड्याला हात नाय लावला." ती थांबली. खोटं बोलणारी बाई नव्हती. "पाणी मात्र हॉटेलचं. नळाचं घेतलं, माझ्या किटलीत उकळवलं."

उबेद विचार करू लागला. तो खरोखर विचार करत होता, हे दिसत होतं. नाटक नव्हतं. शेवटी म्हणाला, "पाणी काय हॉटेलचं नसतं. पाणी अल्लाचं."

"मग या की वर," बानू म्हणाली.

"वर नाय येणार. माझं जे हाय ते हाय." मग मुख्तारकडे वळून, "नोकरीचं मी बोललो, तुमी नाय म्हटलं. तुमचं तुमच्यापाशी. पुन्हा काढणार नाय. पण लग्नात कोणी तो कॅसिनोचा विषय काढला तर काय सांगायचं?"

"सांगा, टोस्टर मिळतो," मी म्हणालो, आणि सगळी हकिगत सांगितली. खोट्या नोटांपाशी उबेद थोडा सैल झाला.

"खोट्या पैशावर खरा टोस्टर," तो म्हणाला. "इंग्रज येडे हायत."

मग तो फाटकातून आत आला. दोनच पावलं. धुतलेल्या टॉवेलांचं एक बोचकं भिंतीशी होतं, त्यावर बसला आणि मुख्तारला म्हणाला, "पाणी आणा."

मुख्तारने कामगारांच्या कँटीनमधून भरलेला पेला आणला. उबेदने बिस्मिल्ला म्हणून तो तीन घोटांत संपवला. मसूदाने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मुख्तारने रिकामा पेला घेतला, पण कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. तो तसाच हातात धरून उभा राहिला.

"ईदनंतर," उबेद म्हणाला. "रजा मिळाली पाहिजे. तुमची कधी मंजूर होते?"

"अर्ज दिला की साहेब बघतील."

"ईदनंतर लगेच नको," बानू म्हणाली, "माझी बहीण कुवेतहून यायची हाय."

"तुझ्या बहिणीसाठी लग्न थांबवू?"

"मग काय, तुमच्या तत्त्वासाठी थांबवायचं?"

तेवढ्यात विमानतळाजवळच्या दुसऱ्या हॉटेलने आमच्याकडे धुवायला पाठवलेले कपडे घेऊन ट्रक मागे मागे येऊ लागला. अहमदने "यल्ला, यल्ला" म्हणत उठून बाजूला व्हायची खूण केली. उबेद उठला, बाकीचे बाजूला झाले. मुख्तार आणि उबेदने मिळून ते बोचकं ओढून कडेला घेतलं, आणि भिंतीला पाठ लावून तारखेचं बोलणं पुढे चालू केलं.