ओट्याच्या दोन रेघा

ती केस अजून डोक्यातून जात नाही. साधी चोरीची केस. शेवटी तर ती चोरीही निघाली नाही. पण तिच्यात मी एका माणसाला मारलं होतं, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

मी नववी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. त्या वेळी हवालदार होतो, आणि आमच्या जालना जिल्ह्यात हवालदाराला लोक जमादारच म्हणतात. वडीगोद्रीकडची गावं माझ्या बीटात होती.

सकाळची हजेरी चालू असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. साखर कारखान्यात कारकून. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई. दोघांच्या पगारावर बँकेचं कर्ज काढून घर बांधत होते. भिंती उभ्या झाल्या होत्या, आता स्लॅब टाकायचा होता. गाळपाचा हंगाम म्हणून हे कारखान्यावरच राहत. मध्येच एक दिवस घरी आले, तर स्लॅबसाठी आणून ठेवलेले लोखंडी गज जागेवर नाहीत.

मी गजाची पावती मागितली. त्यांनी पिशवीतून आधी घराचा नकाशा काढला. चौकटीच्या वहीचा कागद, घड्यांवर फाटत आलेला.

"इंजिनियरनं नंतर काढला, जमादार. आधी आम्ही दोघांनी काढला. दोन वर्षं काढत होतो. ही खिडकी बघा, इथं हिला वह्या तपासायला डाव्या हाताकडनं उजेड येतो."

"नकाशा चोरीला गेला का?" मी म्हणालो. "न्हाई ना? मंग पावती दाखवा."

माझं बोलणं असंच होतं. फिर्याद लिहून घेतली, जागेचा पंचनामा केला.

खबर दुसऱ्याच दिवशी मिळाली. रस्त्यावरचा हॉटेलवाला माझा जुना माणूस. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "जमादार, तुमच्या चोराला घड्याळ कळत न्हाई वाटतं. भर दुपारी बाराला टेंपोत गज भरले आन् वरून माझ्याकडं चहा पिऊन गेला."

"कोण?"

"कोण म्हंजी? त्याच घराचा मिस्त्री."

मिस्त्रीला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा माणूस, सिमेंटनं बोटं फुटलेली.

"गज भरले का?"

"भरले."

"कुठं नेले?"

"जुन्या जालन्यात."

"कोणत्या दुकानात?"

गप्प.

"कोणी सांगितलं होतं?"

गप्प.

चोर आधी नाही म्हणतो, मग दुसऱ्याचं नाव घेतो, शेवटी पाया पडतो. माझ्या नोकरीत हा क्रम फार थोड्यांनी मोडला. हा माणूस अर्धं खरं सांगून थांबत होता. तिथंच मला कळायला पाहिजे होतं. मला राग आला. दोन थोबाडीत दिल्या. त्यानं हात वर केला नाही. एवढंच म्हणाला, "मारा जमादार. पण रविवारपर्यंत कागद करू नका."

"का? रविवारी मुहूर्त आहे का तुझा?" मी हसलो. बाकीचे शिपाईही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन जागेवर गेलो. गज कुठून उचलले ते दाखवायचं होतं. मालक हजर होते. त्यांच्या मंडळीही शाळेला जायला निघाल्या होत्या, त्या मागं उभ्या राहिल्या. ठेंगण्या बाई, खांद्याला पर्स. मिस्त्रीचा सुजलेला गाल त्यांनी पाहिला आणि खाली बघितलं.

स्वयंपाकघरात गेलो. मिस्त्री लोक लाल रंगाचा दोरा ताणून भिंतीवर रेघ मारतात. ओटा किती उंच करायचा त्याची ती खूण. इथं रेघा दोन होत्या. एक खाली, एक सहा बोटं वर. खालच्या रेघेवर फुली मारलेली. पहिल्या पंचनाम्याच्या वेळी मी त्या बघितल्याच नव्हत्या. जिथं एक पाहिजे तिथं दोन दिसले की विचारायचं, ही पोलिसाची सवय.

"ओटा वर का घेतला?"

मालक जवळ आले. "न्हाई हो. आमचं खालचंच ठरलंय. हिला सगळीकडचे ओटे उंच पडतात. म्हणून तर स्वतःच्या मनासारखं घर बांधून राह्यलो." मग मिस्त्रीवर ओरडले, "ही फुली कोणी मारली?"

मिस्त्रीचे डोळे भरले. काल थोबाडीत खाऊन भरले नव्हते. "सर, ओट्याचं मला विचारू नका."

तेवढ्यात बाई पुढं आल्या. चौकट न बसवलेल्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जमादार, त्यांना सोडा. गज मीच परत पाठवले. पैसे दुकानदाराकडंच जमा आहेत."

"अगं, पण का? आन् हा ओटा?" मालकांनी विचारलं.

"तुमच्या उंचीचा सांगितलाय मी. पुढं तुम्हालाच उभं राहायचंय तिथं."

मग बाईंनी पर्समधून दवाखान्याचे कागद काढून नवऱ्याच्या हातात दिले. डॉक्टरनं आशा ठेवली नव्हती. नवरा हंगामात कारखान्यावर, म्हणून त्या एकट्याच दवाखान्यात जाऊन येत होत्या. स्लॅब पडला की बँकेचा पुढचा हप्ता उचलला जाणार, आणि तो फेडायला दोन पगार पाहिजेत. म्हणून त्यांनी ठरवलं, वरून पत्रे टाकायचे, पत्र्याचं घर एका पगारात होतं. रविवारी नवरा सुट्टीवर आला की सांगणार होत्या. तोवर मिस्त्रीकडून शपथ घेतली होती. नवरा चार दिवस आधी आला आणि गज दिसेनात म्हणून थेट माझ्याकडं आला.

"मिस्त्रीला नेलं तेव्हा तरी बोलायचं," मी बाईंना म्हणालो.

"रात्रभर तोंड उघडत होते, जमादार. शब्दच येईना."

मालक बराच वेळ कागद धरून उभे होते. त्यांनी ते वाचले असं मला वाटत नाही. मग मिस्त्रीला म्हणाले, "वरची रेघ पुसा."

मिस्त्रीनं खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. रेघ गेली नाही, नुसता लाल डाग पसरला.

केस 'क' समरीत गेली, म्हणजे गैरसमजातून आलेली तक्रार. मिस्त्रीची मी माफी मागितली नाही. वर्दीत माफी मागायची पद्धत नव्हती, आणि मला त्या पद्धतीचा आधार बरा वाटला.

घरावर पत्रेच पडले. ओटा खालच्या रेघेवर झाला. बाईंनी त्यावर एक संक्रांत आणि एक पाडवा केला. नंतर एकदा मी तिकडून जात होतो, तर मालक कमरेत वाकून चहा करत होते. "उंच करून घ्या की," म्हणालो. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

अशा लिखाणात शेवटी लिहितात की या प्रकरणानं मला अमुक शिकवलं. मला काही शिकवलं नाही. शिकलो असतो तर पुढचं घडलं नसतं.

रिटायर झाल्यावर कुंभार पिंपळगावला दोन खोल्या बांधल्या. मुद्दाम त्याच मिस्त्रीला बोलावलं. माफी मागण्यापेक्षा काम देणं सोपं. भिंती झाल्यावर तो दोरा घेऊन उभा राहिला. म्हणाला, "जमादार, वहिनींना जरा बोलवा. ओट्याची रेघ मारायचीय."

आमची मंडळी बाहेर गवऱ्या रचत होती. हाकेच्या अंतरावर होती.

मी म्हणालो, "तिला काय कळतंय त्यातलं? मार सगळ्यांची असते तशी."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग रेघ मारली.

तिला तो ओटा उंच पडला. ती बोलली नाही. जेवायला बसायचा लाकडी पाट तिनं ओट्याखाली ओढून घेतला आणि नऊ वर्षं त्याच्यावर उभी राहून मला भाकरी करून घातली. मी रोज बघत होतो. पाट तिथं का आहे, हे कधी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारायचा पगार घेतला मी.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. ओटा मला बराबर उंचीचा आहे. पाट अजून तिथंच आहे. चहा करताना पायात येतो. मी तो सरकवत नाही, मीच जरा लांब उभा राहतो.