झोपवलेलं यंत्र

आमच्या ह्यांना सगळे भोंगेवाले म्हणतात. बिघडलेले लाउडस्पीकर दुरुस्त करायचे हा धंदा, आणि धंद्यातली एक खोड. कॉइल गुंडाळून, पडदा चिकटवून झाला की स्पीकर पोटच्या पोरासारखा छातीशी धरून वाजवायचा. म्हणायचे, "कान फसतो, छाती फसत नाही." मी म्हणायची, "मला धरलंत का कधी असं?"

मग त्याच छातीत, गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली, यंत्र बसलं. ठोके बेफाम धावले की झटका देऊन ताळ्यावर आणणारं. सोबत रोजची गोळी. गोळीने हात थरथरायला लागले, बारीक तार तुटायला लागली. हे गुपचूप अर्धीच गोळी घेऊ लागले. मला दिसत होतं. हातातलं काम जायला नको म्हणून मी गप्प बसले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तीन आठवड्यांत यंत्राचा झटका बसला. भर दुपारी, हातात चहाचा कप. घोड्याने लाथ घालावी तसे मागे फेकले गेले. पूर्ण शुद्धीवर होते, हेच वाईट. त्यानंतर कुणी दार आपटलं तरी दचकायचे. एवढा बोलका माणूस, पण स्वतःच्याच शरीरात चोरासारखा राहायला लागला.

पुढे एकदा भाजी निवडताना बारीक शिट्टी ऐकू आली. मी मोबाईल शोधत बसले. आवाज ह्यांच्या छातीतून येत होता.

"बॅटरी तपासत असेल," हे म्हणाले.

तपासणीला गेलो तेव्हा यंत्र वाचणाऱ्या बाईंनी विचारलं, "काका, यंत्राजवळ दिवसभर चुंबक कुठून येतं? यंत्र बसवून घरी जाताना सांगितलं होतं ना, चुंबकाने यंत्र शिट्टी देऊन झोपतं म्हणून?"

मी तेव्हा औषधं आणायला गेले होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"झोपतं म्हणजे?"

"झटका देत नाही, काकू. जीव जात असला तरी."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सदऱ्याच्या आतल्या खिशाकडे बघत होते. खिशात जुन्या स्पीकरचं चुंबक होतं. बाईंनी धोका सांगितला होता, ह्यांनी औषध म्हणून ऐकलं.

घरी येताच ते चुंबक मी कपाटात घालून कुलूप लावलं. प्रत्येक स्पीकरात चुंबक असतंच, म्हणून दुकानातली कामं आता टेबलावर, हातभर लांबून. कॉइल मी गुंडाळते. पुरी गोळी घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलत नाही.

तरी परवा झटका बसलाच. दवाखान्याच्या गाडीला फोन करून मी ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ह्यांनी माझं मनगट आवळलं.

"किल्ली दे. दुसरा येतोय."

"नाही."

"तुझ्या पाया पडतो गं."

तीस वर्षांत माझ्यापुढे कधी मान न झुकवलेला माणूस. किल्ली माझ्या कमरेलाच होती. मी दिली नाही. दुसरा आला, माझ्या मांडीवरच.

वाचले. शेजारी म्हणतात, नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणलंत. खरं असेल. हे जेवतात, गोळी घेतात, विचारलं तर बोलतात. पण मी जवळ गेले की मागे सरकतात.