जमुनाबाईंची साक्ष
धारच्या बाजारात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या जमुनाबाई मुलखाच्या हट्टी. पवारांच्या फौजेमागून तंबू शिवत आलेलं घराणं ते. एकदा बोलल्या की बोलल्या. सुनेला, विनीताला, या हट्टाचं आधी कौतुकच वाटायचं.

एकदा गंधवानीला कपडे पोचवून त्या मुलाच्या, मोनूच्या मोटारसायकलवर मागे बसून परतत होत्या. समोरून आलेल्या गाडीने दोघांना उडवलं. गाडी एक बडा नेता स्वतः चालवत होता. त्याने काच खाली केली, जमुनाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुशाल निघून गेला. मोनू जागीच गेला. पाहणारं दुसरं कुणीही नव्हतं.

दवाखान्यातून घरी येताच त्यांनी बेलाचं पान आणि हळद हातात घेतली आणि असा बेलभंडार उचलून खंडोबासमोर शपथेवर सगळं सांगितलं. इथेच माशी शिंकली. नेत्यावर खटला उभा राहिला, पण कोर्टात साक्षीच्या दिवशी शपथ घ्या म्हटल्यावर बाई अडून बसल्या.

"बेलभंडार उचललाय मी. परत शपथ घेऊ म्हणजे पहिली झूठी होती का?"

विनीताने पाय धरले, वकील दत्तोपंतांनी घसा कोरडा केला. बाई ढिम्म. पुढची तारीख पडली, आणि ती यायच्या आत नेता दूरच्या एका राज्याचा राज्यपाल होऊन बसला!

"वहिनी, अब तो रुकना पड़ेगा," दत्तोपंत विनीताला म्हणाले. "पदावर असेपर्यंत राज्यपालावर फौजदारी केस चालत नाही. संविधानातच आहे. नाहीतर कुणीही उठून रोज खटले भरेल."

"म्हणजे सुटला तो?"

"सुटला नाही. पद गेलं की केस पुन्हा सुरू."

खोट्या खटल्यांनी कारभार अडू नये, हे विनीताला पटत होतं. पण तिचा खटला खोटा नव्हता, आणि थांबायचं मात्र तिलाच होतं. कायद्याचं काय, त्याला म्हातारपण नाही! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जमुनाबाई तर पार खचल्या. "चल, आता घेते शपथ," म्हणून रोज मागे लागायच्या. आता ती द्यायला कोर्टात कुणी बसलेलं नव्हतं. विनीता त्यांच्याकडून सगळी हकिकत पुन्हा पुन्हा वदवून घ्यायची. पण त्या रडून रडून जेवायच्या नाहीत, म्हणून तिने विचारणंच सोडलं. पुढे पुढे त्या बाहीच्या जागी खिसा लावू लागल्या, शेजारणीला बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. वय झालं, असं म्हणून विनीताने मनाची समजूत घातली.

अखेर राज्यपालाची मुदत संपली. दत्तोपंतांचा फोन आला, तारीख लागली होती. विनीता फोन कानाला तसाच धरून मशीनपाशी धावली.

"आई, आता साक्ष द्यायचीय. सांगा बरं, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

जमुनाबाई प्रसन्न हसल्या.

"अगं, आपला मोनू. दुसरं कोण? भारी जोरात चालवतो. येऊ दे घरी, चांगला कान धरते त्याचा."

फोनवर दत्तोपंत उत्साहाने विचारत होते, "आईंना घेऊन किती वाजता येताय?"