एकतीस नंबरची स्प्रिंग

बेलमोरेल घड्याळ कंपनीला दीडशे वर्षं होणार होती. त्यानिमित्त कंपनीने आपला इतिहास पुस्तकरूपात काढायचं ठरवलं. त्या पुस्तकात एका ओळीत का होईना, आपलं नाव यावं, एवढीच मार्सेलिन पेरनूची इच्छा होती. तिचं वय एकोणऐंशी. कंपनीकडे तिने आजवर काही मागितलं नव्हतं.

सोळाव्या वर्षी बेर्त मावशीने तिला कारखान्यात आपल्या शेजारी बसवलं होतं. घड्याळांवर जगणाऱ्या ला शो-द-फाँ गावात मुलीला शिवण आलं नाही तरी चालायचं, पण चिमटा धरता यायला हवा. घड्याळातलं चाक मागे-पुढे डोलवणारी केसाहून बारीक स्प्रिंग असते. तिचं बाहेरचं टोक असं वाकवायचं की घड्याळ उभं ठेवा, आडवं ठेवा, उताणं ठेवा, चाल बदलता कामा नये. हे काम बायकांचं. मग ते घड्याळ पुरुषाच्या टेबलावर जाई. तो महिना-दोन महिने ते बर्फाच्या पेटीत, गरम कपाटात ठेवून तपासे आणि वेळ लावी. त्याला नियामक म्हणत. न्यूशातेलच्या वेधशाळेत अचूक वेळेच्या स्पर्धेला घड्याळ जाई ते त्याच्या नावावर.

मावशीचे नियम दोनच. कुणी खोलीत आलं की काम हाताने झाकायचं, मग तो मालक असो की पाद्री. आणि दुसरा, चिमट्याची खूण राहता कामा नये.

"ज्या स्प्रिंगवर हात दिसतो ना, ती फुकट गेली," मावशी म्हणे. "तू बसली होतीस हे कुणाला कळताच कामा नये."

मार्सेलिनच्या पहिल्याच स्प्रिंगवर दुसऱ्या वेढ्यात नखाच्या कोरीएवढा ओरखडा उठला. ती डावखुरी असल्याने तो उलट्या बाजूला झुकलेला होता. मुकादमाने ती स्प्रिंग कागदाच्या पुडीत घातली, वर नाव, तारीख आणि 'नापास' असं लिहिलं आणि पुडी खणात टाकली. बिघडलेल्या प्रत्येक स्प्रिंगची अशी पुडी होई. जमलेली स्प्रिंग घड्याळात जाई आणि घड्याळाला नंबर मिळे.

मार्सेलिनची दुसरी पुडी कधी झाली नाही.

१९६३ साली एकतीस नंबरचं घड्याळ तिच्या हाताखालून गेलं. त्यातल्या स्प्रिंगच्या टोकाला तिने कारागिरीच्या कुठल्याच पुस्तकात नसलेला एक बाक दिला होता. आर्मां कालाम हा कारखान्याचा मोठा नियामक. तो स्वतः चालत तिच्या टेबलाशी आला.

"पोरी, काय केलंस काय तू याला? उभं ठेवलं तरी चाल हलत नाही, आडवं ठेवलं तरी हलत नाही."

मार्सेलिनने हातातल्या कामावर तळवा ठेवला. "तुम्ही तुमचं तपासा, मस्यू कालाम."

"अगं, मी काय गुपित चोरायला आलेला जपानी आहे का?"

"मावशीनं तुमचं नाव घेऊन बजावलंय."

कालाम हसत निघून गेला. घड्याळ वेधशाळेत पहिलं आलं. कारखान्यात बँड वाजला, मालकांनी कालामच्या कोटाला पदक लावलं. कालामने भाषणात 'आपल्या कारखान्यातल्या नाजूक हातांचे' आभार मानले. तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची जिनेत मार्सेलिनच्या कानात म्हणाली, "हात वर कर गं. मोजदाद चाललीय."

पुढे बॅटरीची घड्याळं आली आणि १९७६ साली स्प्रिंगचा विभाग बंद झाला. मार्सेलिनने इस्पितळाच्या धोबीखान्यात अठरा वर्षं चादरींना इस्त्री केली. कालाम निवृत्त झाला, सत्कार घेतले आणि वारला. कंपनीचं नाव दोनदा विकलं गेलं. तिसऱ्या मालकाला महागडी घड्याळं विकायची होती, त्यासाठी परंपरा लागत होती. म्हणून पुस्तक, आणि म्हणून प्रदर्शन.

पुस्तकाचं काम लोझानच्या नोएमी रोशा या तरुण इतिहासकार बाईकडे होतं. तिनेच मार्सेलिनला बोलावलं. एकतीस नंबरची स्प्रिंग जागेवरून सरकली होती आणि नव्या कारागिरांपैकी कुणी तिला हात लावायला धजत नव्हतं.

मार्सेलिन आपला चिमटा रुमालात गुंडाळून घेऊन गेली. काम वीस मिनिटांचं होतं. स्प्रिंग बसवण्याआधीच तिने विषय काढला.

"ही माझी आहे. कालामची नाही. तसं पुस्तकात लिहा."

"माझा विश्वास आहे, मादाम पेरनू," नोएमी म्हणाली. "पण विश्वास छापता येत नाही. कालाम यांचे चिरंजीव पदकं देताहेत, कागद देताहेत. तुमच्याकडे काही कागद?"

"आम्हाला कागद कोण देणार?"

"तुम्हाला काम करताना कुणी पाहिलं असेल?"

"झाकून करायचो."

 नोएमीने कपाटातून एक पिवळी पडलेली पुडी आणली. "जुन्या खणात या चारशे निघाल्या. ही तुमची. यावर डावखुऱ्या हाताचा ओरखडा आहे, तज्ज्ञांनी फोटो काढून ठेवलेत. एकतीस नंबरवर तसाच ओरखडा, अगदी बारीकसासुद्धा, सापडला तर मी आज लिहिते. मालक नाही म्हणाले तरी लिहिते. ती भिंगाखाली अजून कुणी पाहिलेली नाही. तुम्ही बघा. मी फोटोवाल्याला घेऊन येते."

ती गेली. मार्सेलिनने भिंग डोळ्याला लावलं. बाहेरच्या टोकापासून आतपर्यंत प्रत्येक वेढा पाहिला, उलटून पुन्हा पाहिला. कुठेही काही नव्हतं. जशी हवी तशी होती ती.

चिमटा हातातच होता, डाव्या. हात अजून कापत नव्हता. दुसऱ्या वेढ्यात किंचित दाबायचं, मनगट आत वळवायचं, संपलं. कालामचं नाव खाली, तिचं वर. चिमट्याचं टोक वेढ्याला टेकलंसुद्धा. दाराबाहेर पावलं वाजली आणि मार्सेलिनने तळव्याने स्प्रिंग झाकली.

"सापडलं?" नोएमीने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"चांगलं काम आहे," मार्सेलिन म्हणाली आणि स्प्रिंग जागेवर बसवून चिमटा रुमालात गुंडाळला.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाचं निमंत्रण आलं. ती जिनेतला घेऊन गेली. मधल्या काचपेटीत एकतीस नंबरचं चाक डोलत होतं, शेजारी पदक, खाली पाटी: 'नियामक आर्मां कालाम'. पुस्तकात कालामवर सहा पानं होती. मार्सेलिनने नावांची सूची दोनदा पाहून पुस्तक परत ठेवलं.

तेवढ्यात भिंतीकडून जिनेतने हाक मारली. "मार्सेलिन, इकडे ये. तुझं नाव आहे की गं."

भिंतीवरच्या छोट्या पेटीत ती पुडी उघडून ठेवली होती. ओरखडा दिसावा म्हणून वर मोठं भिंग बसवलं होतं. पाटीवर लिहिलं होतं: 'मार्सेलिन पेरनू, वय सोळा, १९५५. नापास.'

"चला, चौसष्ट वर्षांनी निकाल लागला," जिनेत म्हणाली. मग मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहून तिने तिचा दंड धरला.

नोएमी धावत आली. मालकांना बरीच गळ घालून तिने ही पाटी लावून घेतली होती, तेवढं समाधान तिच्या तोंडावर होतं. फोटोवाला सोबत होता. त्याने मार्सेलिनला पेटीशेजारी उभं केलं.

"मादाम, हात जरा बाजूला घ्या," तो म्हणाला. "स्प्रिंग झाकली जातेय."

तिने हात काढला.