पहिल्या मालकाची गाडी

इटलीतली कोणती लाल गाडी दहा वर्षांनी मोत्याच्या मोलाने जाईल आणि कोणती मातीच्या मोलाने, हे आपल्या अख्ख्या ठाणे जिल्ह्यात फक्त एका माणसाला कळत होतं, आणि तो माणूस मुरबाडच्या स्टँडवर उभा राहून "कल्याण, कल्याण, एक सीट, एकच सीट" असं ओरडत असे. हे माझे मावसदीर, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे मावसभाऊ. तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा ज्यांच्या जीपमध्ये चढण्याआधी चपला झटकाव्या लागायच्या, तेच. परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या शेजाऱ्याने जांभळ्या रंगाची सुपरकार घेतली. मी फोन ठेवला आणि आपोआप तोंडातून निघालं, "जांभळी? गेला बिचारा!" मग लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हे, त्यांचं आहे. तेव्हाच ठरवलं की त्यांच्याबद्दल तुम्हाला नीट लिहून पाठवायचं.

हे वेड त्यांना कल्याणच्या एका रद्दीच्या दुकानात लागलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. त्यांनी नवी कोरी जीप घेतली होती, आणि परतीची सीट भरेपर्यंत वेळ काढायला ते रद्दीत डोकावले. तिथे विलायती मोटारींची गुळगुळीत मासिकं किलोवर मिळत होती. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मोटारीचं चित्र कळायला इंग्रजी कशाला लागतं? एक गठ्ठा उचलून थेट माझ्याकडे आले. मी तेव्हा हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. "वहिनी, ही लाल गाडी काय म्हनते ते वाचा जरा." मी वाचलं. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता, जेवणाची तयारी होईपर्यंत, आमच्या ओटीवर सुपरकारचं वाचन सुरू झालं ते पंधराएक वर्षं चाललं. गठ्ठे मी महिन्यांच्या क्रमाने लावून ठेवले, कारण ते विस्कटलेले मला बघवत नाहीत. मला तोपर्यंत क्लच आणि ब्रेक यांतला फरक माहीत नव्हता. पण जुन्या सुपरकारचा भाव कशाने चढतो, यावर मी आजही परीक्षा देऊन पहिली येईन.

त्यांना गाडीच्या वेगात काडीचा रस नव्हता. "पळते तर सगळीच," ते म्हणायचे. "पळून झाल्यावर काय उरतं, ते बघायचं." उरण्याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं. इटलीची गाडी असेल तर लाल रंग; पिवळा चालेल; मालकाच्या बायकोच्या साडीशी जुळणारा खास रंग काढून घेतला असेल तर विषय संपला. हाताने टाकायचा गिअर हवा, तोसुद्धा लोखंडी खाचांच्या पट्टीतून खट्‌ आवाज करत जाणारा. कंपनीच्याच शर्यतीच्या खुर्च्या आणि महागातले ब्रेक घेतलेले असले तर पुढचं गिऱ्हाईक खूश होतं. पण गाण्याच्या महागड्या मशीनवर घातलेले पैसे पाण्यात, कारण चार वर्षांनी ते मशीन म्हातारं होतं. मूळ रंग, मूळ पाने-पकडी, कंपनीची पुस्तकं, दोन्ही चाव्या, आणि पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिसची वही. आणि सगळ्यात वर, पहिला मालक. एकच मालक. पुढे नव्या गाड्यांत स्टिअरिंगमागच्या पट्ट्या बोटांनी ओढून गिअर टाकायची सोय आली, तेव्हा मी उत्साहाने वाचून दाखवलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "बोटानं गिअर? बघा वहिनी, एक दिवस लोक जुन्या गिअरसाटी रडतील!"

हे शास्त्र त्यांनी इटलीपुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. म्हसा गावच्या जत्रेत ते एकदा आपल्या चुलत्यांबरोबर बैल घ्यायला गेले. विकणाऱ्याने शिंगं लाल-हिरवी रंगवून, गोंडे बांधून बैल सजवला होता. "पैला हा रंग काढ," हे म्हणाले, "आतलं ओरिजिनल दाखव. आनि ह्याचा पैला मालक कोन?" तो म्हणाला, "पैली मालक ह्याची आई!" चुलते हसत घरी आले, बैलाशिवाय. घरच्या लोखंडी कपाटावरचं प्लॅस्टिक त्यांनी कधी काढलं नाही. छत्री पावसात नेत नसत.

आणि जीप! मुरबाड ते कल्याण धावणाऱ्या साऱ्या जिपांमध्ये ती एकटीच बोडकी. बाकीच्या गाड्यांना झिरमिळ्या, गोंडे, वाजणारे रंगीत भोंगे, टपावर कॅरिअर, कपाळावर देवाचं नाव आणि मागे लेकीचं. हिच्यावर नंबरपाटीखेरीज एक अक्षर नाही. सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला मागची माणसं घसरून पुढच्यांच्या मांडीत येत. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांच्या बायकोने, मंजुळाने, हळदकुंकवाचं ताट आणलं, तर यांनी बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाले, "ह्याच्यावर काढ स्वस्तिक." नारळ चार हात लांब फोडला. सर्व्हिसची वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. दुसरी चावीही माझ्याकडे, कारण दोन्ही चाव्या एका छपराखाली ठेवायच्या नसतात.

पण त्यांचा खरा जीव होता स्टेपनीवर. ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला, पत्र्यावर बोल्टांनी आवळलेलं ते जादा चाक. शिंप्याकडून त्याला कॅनव्हासची खोळ शिवून घेतली होती. कंपनीतून आलेलं ते चाक एकदाही जमिनीला लागलेलं नाही, हा त्यांचा सर्वात मोठा अभिमान. एकदा रायते गावाच्या पुढे टायर बसला. गाडीत बाशिंग बांधलेला नवरदेव. सगळे म्हणाले, "स्टेपनी लावा की!" यांनी शांतपणे पंक्चर झालेलं चाक काढलं, दुसऱ्याच्या जीपमध्ये टाकलं आणि कल्याणला पंक्चर काढायला निघून गेले. नवरदेव एस.टी.ने उभा राहून गेला. मागून कोणी बोललंच, तर यांचं उत्तर तयार: "मुहूर्त दुसरा भेटतो. कोरी स्टेपनी भेटत नाय."

आता मला एक कबुली द्यायची आहे. मंजुळाचं माहेर शहापूरकडचं, भातसानगरच्या अलीकडचं. तिच्या भावाच्या जीपवर भावजयीचं नाव मोठ्या अक्षरात होतं. हिने पहिल्याच वर्षी नवऱ्याला विचारलं, माझं नाव घालाल का. "रिसेल जातो गो," ते म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांना कावीळ झाली, पंधरा दिवस अंथरुणावर. एका दुपारी मंजुळा माझ्याकडे आली. "जाऊबाय, लोकांना दिसायला नको. गाडीला म्हाईत असलं म्हंजे झालं." तुमच्या आजोबांनी स्टेपनीचे बोल्ट काढले. आमच्या खिडक्यांचा पिवळा ऑइलपेंट उरला होता. मी, चाळीस मुलांचा वर्ग नजरेने गप्प करणारी बाई, गुडघ्यावर बसून, श्वास रोखून, त्या पत्र्यावर "मंजुळा" लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर स्टेपनी परत बसली. त्यानंतर चौदा वर्षं रविवारी "मूळ रंग, कुठेही हात लावलेला नाही" असं त्यांच्या सांगण्यावरून मी वहीत लिहीत होते, आणि दर वेळी माझा कान गरम होत होता.

आणि मग सुपरकार आली! खरी! मुरबाडच्या बाजारात, स्टँडसमोर! माळशेजच्या रस्त्याला एका मुंबईच्या शेटचं फार्महाउस झालं होतं. तो एका थंडीतल्या सकाळी ती लाल, जमिनीला चिकटलेली गाडी घेऊन आला आणि आपल्या पहिल्याच गतिरोधकावर अडकला. पोट टेकलं, ना पुढे, ना मागे. गर्दी ही! मी भाजी घ्यायला गेले होते, पिशवी सोडून धावले. आमचे मावसदीर जीपमधून दोन फळ्या घेऊन गर्दीतून वाट काढत होते. फळ्या चाकांखाली सरकवल्या, इंच इंच करत गाडी उतरवली, आणि काच खाली झाल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "शेट, नाक उचलायचा ऑप्शन नाय घेतला? विकताना लागंल!"

शेट गाडीतून खाली उतरला. मग चहाच्या टपरीवर दीड तास परिषद भरली. शेट पुढची गाडी मागवणार होता. रंग कोणता, खुर्च्या कोणत्या, आतलं कातडं पांढरं घेऊ का? "पांढरं घ्या, मंग धोतर नेसूनच बसा," हे म्हणाले. काय आणि किती बोलले! पंधरा वर्षांचे रविवार एका दमात बाहेर पडले. गाडी नुसती पळवून झिजवायची नाही, पण नुसती उभीही करायची नाही, "उभी गाडी आतून सुकते," असं ते सांगत होते आणि शेट चक्क कागदावर टिपून घेत होता. गर्दीतले लोक, जे इतकी वर्षं यांना खुळा म्हणत होते, ते आता एकमेकांना कोपराने ढोसत होते. शेवटी शेट म्हणाला, "तुमची स्वतःची गाडी कोणती?" यांनी जीपकडे बोट केलं. शेट तिच्याभोवती फिरला, प्लॅस्टिकवर हात फिरवला आणि म्हणाला, "मला जुन्या, मूळ अवस्थेतल्या जीपची हौसच आहे. रविवारी येतो. आहे तशी निघाली तर नव्या जीपच्या किमतीत घेईन."

नव्या किमतीत! मुरबाडात असं कधी घडलं नव्हतं. हा पैशांचा प्रश्न नव्हता, मुलांनो. पंधरा वर्षांचं हसं एका रविवारी पुसलं जाणार होतं. ते चार दिवस ते जमिनीवरून चाललेच नाहीत. मंजुळा आणि मी मात्र एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

रविवारी दहा वाजता शेट आला. स्टँडवरचे सगळे जीपवाले आमच्या अंगणात. दोन्ही चाव्या ताटात ठेवल्या होत्या, शेजारी पाने-पकडी, पुस्तकं, माझी वही. शेटने वही चाळली आणि म्हणाला, "असं अक्षर मी कंपनीच्या शोरूममध्येही पाहिलं नाही." खोळ काढून टायरवरची रबराची कोवळी लव पाहिली. मग सहज म्हणाला, "जरा स्टेपनी उतरवा. मागचा पत्रा गंजला नाही ना बघू."

"गंज? बघाच!" म्हणून आमचे मावसदीर स्वतः पाना घेऊन पुढे झाले. एकेक बोल्ट निघाला. चाक उचललं.

पिवळी अक्षरं काल लिहिल्यासारखी लखलखत होती. ऊन नाही, पाऊस नाही, चौदा वर्षं झाकलेली.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"आनि सांगनं माझं," मंजुळा पदर खोचून पुढे आली. "पैल्याच वर्षी लिवलंय. काय झालं गाडीला? पत्रा खाल्ला काय माझ्या नावानं?"

शेट समजूतदार होता. "अहो, एवढं काय त्यात! किंमत तीच. मी तेवढ्या भागाला रंग मारून घेईन."

मावसदीर स्टेपनी पोटाशी धरून उभे होते. त्यांनी नाव पाहिलं, मंजुळाकडे पाहिलं, परत नाव पाहिलं. "पैल्या वर्षी?" त्यांनी हळूच विचारलं. तिने मान डोलावली. मग ते शेटकडे वळले. "नाय शेट. ह्याच्यावर रंग मारला तर ओरिजिनल जाईल."

"म्हणजे?"

"म्हंजे कागद चुकलाय. पैला मालक म्हनून आमी आमचं नाव सांगत फिरलो. पैली मालक ही बसलीय. तिला इचारा, इकायची काय."

मंजुळाला विचारावं लागलंच नाही. ती तोवर शेटसाठी चहा टाकायला आत गेली होती, आणि पाठमोरी डोळे पुसत होती. शेट चहा पिऊन, हसून, जीपशिवाय गेला. स्टँडवाल्यांना महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला: "नवी किंमत सोडली, बायकोच्या नावासाटी!" पण ते हसणं आता वेगळं होतं. ती स्टेपनी त्यांनी त्याच आठवड्यात पुढच्या उजव्या चाकाला लावली, जमिनीला टेकवली, आणि नाव उघडं ठेवून कल्याणच्या फेऱ्या सुरू केल्या. मंजुळा त्या पहिल्या फेरीत पुढच्या सीटवर बसली होती.

मागच्या वर्षी ते गेले. जीप त्यांच्या पडवीला उभी आहे. बऱ्याच जणांनी मागितली. मंजुळा ऐकून घेते आणि चहा देऊन परत पाठवते. सीटवरचं प्लॅस्टिक तिने काढलंय. आता दर रविवारी सकाळी दहा वाजता ती मला हाक मारते. मी दुसरी चावी आणि वही घेऊन जाते, कारण तिच्याकडची चावी ती देवघरातून हलवत नाही. ती ड्रायव्हरच्या जागी बसते, गाडी सुरू करते आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहते. गाडी चालवायला ती कधी शिकली नाही. "उभी गाडी आतून सुकते," ती म्हणते. मी शेजारी बसून घड्याळ बघते, आणि मग तारीख घालून वहीत लिहिते: दहा मिनिटं सुरू ठेवली. आवाज चांगला आहे. मालक तीच.