भरावावरची सही

गृहकर्ज मंडळात तिला सगळे ओळंबाबाई म्हणत. कर्ज मंजूर होण्याआधी जागेवर जाऊन बांधकाम बघायचं, हे तिचं काम. पर्समध्ये कंगव्याशेजारी दोरीला बांधलेला पितळी ओळंबा असायचा, भिंत सरळ उभी आहे का ते दाखवणारा. ठेकेदार फार गोड बोलायला लागला की ती तो भिंतीला लावायची आणि म्हणायची, "तुम्ही बोला, मी ह्याचं ऐकते." तेहतीस वर्षं तिने डोळ्यांत तेल घालून नोकरी केली. एकच जागा सोडून.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी मंडळाने स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या. तिने हौसेने लिहायला घेतलं. नव्या घराची किल्ली मापाच्या टेपला बांधून गळ्यात घालणारा शिंपी, कर्ज फिटल्याचा कागद छातीशी धरून जिन्यातच बसलेली परिचारिका. मग खाणीवरच्या वसाहतीपाशी पेन अडलं.

जुनी दगडखाण राडारोड्याने बुजवून तिथे चार इमारती उठत होत्या. तिने अहवालात लिहिलं होतं, 'भराव कच्चा आहे. जमिनीची चाचणी झाल्याशिवाय कर्ज देऊ नये.' साहेबांनी तो बाजूला सरकवला. "बाई, चाचणीत वर्ष जाईल. लोक डोळे लावून बसलेत. दुसरा लिहा." तिने दुसरा लिहिला आणि खाली सही केली. धाकट्या बहिणीने तिथेच घर घेतलं, तेव्हा 'नको' म्हणायला जीभ रेटली नाही. का नको, ते सांगावं लागलं असतं.

सव्वीस वर्षं काही झालं नाही.

पेन टाकून ती बहिणीकडे गेली. बहिणीचा नवरा दाराची कड रंध्याने तासत होता.

"दमट हवेनं फुगतंय, ताई. ह्या वर्षात तिसऱ्यांदा."

"आणि शेजारच्यांची दारं?"

"आपल्या बाजूची सगळी. पलीकडच्यांना काही त्रास नाही."

हवा काय एकाच बाजूला दमट असते? दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना विचारून तिने त्यांच्या खिडकीतून ओळंबा खाली सोडला. वर भिंतीला चिकटलेली दोरी खाली चार बोटं सुटी लोंबत होती. इमारत कलली होती, आणि खाली येऊन तिने ते बहिणीला सांगितलं.

"तुझ्याच सहीवर तर घेतलं घर, ताई," बहीण म्हणाली. मग ओळंबाबाईने दोन्ही अहवालांचं सगळं सांगितलं. बहिणीने ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आणि इतकी वर्षं इथे बसून माझ्या हातचा चहा पीत राहिलीस?"

मंडळातला तरुण अधिकारी भला होता. त्याने फाईल शोधून काढली. पहिला अहवाल तिच्यात नव्हताच. "मॅडम, इथे तर तुम्हीच सगळं ठीक म्हटलंय." नगरपालिकेचा इंजिनियर फाटकातूनच फोटो काढून गेला तो गेलाच. सोसायटीचे चेअरमन तिला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "हळू बोला हो! दोन घरं विक्रीला आहेत."

तिने स्मरणिकेच्या लेखात सगळं लिहून टाकलं. छापून आला तो शिंपी आणि ती परिचारिका. खाण तेवढी गाळली होती. मग तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या आणि चारही इमारतींच्या प्रत्येक दारात नेऊन दिल्या. काहींनी तिच्यासमोरच फाडल्या. पाच कुटुंबं निघून गेली. बहीण आणि तिचा नवरा ओळंबाबाईकडे राहायला आले. बहीण कित्येक दिवस 'जेवायला ये'च्या पुढे बोलली नाही.

चेअरमननी भेगा बुजवून इमारतींना पिस्ता रंग दिला. घरं बघायला माणसं येऊ लागली. ओळंबाबाई दर रविवारी फाटकापाशी उभी राहू लागली.

एकदा एक जोडपं आलं. बायकोला दिवस गेलेले. ओळंबाबाईने त्यांना थांबवून सांगितलं.

"पण तुम्ही कोण?" नवऱ्याने विचारलं.

"ह्या घरांना कर्ज द्या असं लिहून देणारी मीच. खोटं लिहिलं होतं."

त्याने कोऱ्या रंगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "मावशी, आमचं कर्ज मंजूर झालंय. त्यांचा माणूस येऊन बघून गेला की."

बायको क्षणभर घुटमळली. मग तीही आत गेली.

महिन्याभराने दुसऱ्या मजल्यावर नवे पडदे लागले. खाली, भिंत आणि फरसबंदी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती, आणि एक गवंडी उकिडवा बसून तिच्यात सिमेंट भरत होता.