उपदेशकानं न शिकवलेलं

बोलण्याआधी तो करंगळीनं मिशी सारखी करायचा आणि म्हणायचा, "बी तेच असतं, मास्तर. झाड वाढतं." अमरावतीच्या कॅथलिक मंडळीचा तो उपदेशक. फादर नागपूरहून कधीमधी यायचे. एरवी सगळा धर्म याच्या हाती. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

फादर आले की मी त्यांना मराठी शिकवायचो, म्हणून त्याची गाठ. एकदा त्याला विचारलं, "मरियामाता स्वतः आईच्या गर्भात आल्यापासूनच निष्पाप, हे पोपांनी अलीकडेच जाहीर केलं. मग आधीचे लोक काय मानायचे?"

"तेच! फक्त उमज वाढत गेली."

उत्तर चांगलं होतं. फादरांकडून उचललेलं होतं.

कापसाला सोन्याचा भाव आला, तसा हा बाजारातच पडून राहू लागला. दलालांच्या बैठकीत पान चघळत ख्रिस्ती धर्माच्या जुन्या आचार्यांची नावं फेकायचा. दलालांना ती कळत नसत, म्हणूनच त्याला तिथं बरं वाटे.

कापसातून सरकी काढणारी एक बाई नुकतीच ख्रिस्ती झाली होती. तिचं तान्हं तापानं फणफणलं, तशी डोक्यावर पाणी घालून त्याला बाप्तिस्मा द्यावा म्हणून ती याला बोलवायला धावत बाजारात आली. "हो पुढं, येतो," म्हणून हा पुन्हा तक्क्याला टेकला. पोचला तेव्हा लेकरू गेलं होतं. दारातूनच म्हणाला, "पाणी पडलं नाही. आता ते नरकाच्या आगीत."

फादर आल्यावर ती त्यांच्यापुढं बसली. उपदेशक आणि मीही तिथंच होतो.

"पाणी तूच घालायचं होतंस, बाई," ते कळवळून म्हणाले. "मरणाच्या वेळी कुणीही घालू शकतं. हे पहिल्यापासूनचं आहे."

"मले कोणी सांगतलंच नाही, बाबा."

फादरांनी उपदेशकाकडं पाहिलं. "सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला, "तर मला कोण बोलावणार?" हे तो खरोखर बोलला. माझ्यादेखत.

"मंग माहं लेकरू आगीत हाये?"

"जुने आचार्य तसं म्हणाले," फादर म्हणाले. " मागून आलेल्यांना ते पटलं नाही. अशा लेकरांना आग नाही, दुःख नाही, असं ते म्हणाले. अजून पुरतं उमजलेलं नाही. मलाही नाही."

बाईनं डोळे पुसले. "उमजलं की मले सांगजा."

फादरांनी उपदेशकाकडून प्रार्थनाघराची किल्ली काढून घेतली. पुढं भाव कोसळले, दलाल पांगले, तोही अकोल्याकडं कुठंसा गेला. कुणी विचारलं नाही.

नंतर एकदा मी प्रार्थनाघरात डोकावलो. ती बाई एका गरोदर पोरीला समोर बसवून, रिकाम्या ओंजळीनं लेकराच्या डोक्यावर पाणी कसं घालायचं ते दाखवत होती.